अकरा वर्षांची पाण्याची वही

बाटलीबाई हे नाव त्यांना नेमकं कुणी ठेवलं, ते त्यांनाही सांगता येत नाही. शाळेच्या कागदांवर त्या ‘प्रयोगशाळा सहायक’ आहेत. पण मुलं, शिक्षक, शिपाई, इतकंच काय आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाईसुद्धा, त्यांना बाटलीबाईच म्हणतात. त्यांना त्याचा राग येत नाही. “लोक नावं ठेवतातच. यांनी निदान काम बघून ठेवलंय,” असं त्या म्हणतात.

मी या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो त्याला आठ महिने झाले. पहिल्या दिवशी त्या मला जिन्यातच भेटल्या. दोन्ही हातांत बाटल्यांचे क्रेट होते आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी एक क्रेट घ्यायला हात पुढे केला.

“राहू द्या सर. एकच घेतलात तर तोल जातो माझा. दोन्ही घ्यायचे असतील तर घ्या.”

मी दोन्ही घेतले. त्या म्हणाल्या, “पुढे व्हा. मी गुडघ्यांची हजेरी घेऊन येते. एक रोज उशिरा येतो.”

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथला नळ करंगळीएवढा येतो आणि दुपारनंतर तोही येत नाही. त्यामुळे बाटल्या धुवायच्या खाली, नेमकं मोरीशेजारच्या खोलीत, आणि वाहून न्यायच्या वर. हे बाई सव्वीस वर्षं करत होत्या. चंचुपात्रं, नळ्या, ड्रॉपर, चिमटे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आठवीच्या मुलांनी फोडलेल्या काचा त्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहून टाकायच्या, कचरा उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. मी शिकवायचो, पण प्रयोग त्या करायच्या. मी फळ्यावर लिहीपर्यंत टेबलावर सगळं मांडलेलं असायचं आणि कुठल्या बाकावर कोण मस्ती करणार आहे हेही त्यांना आधीच ठाऊक असायचं. वर्षअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्याविषयी विचारलं की म्हणायच्या, “झोपणार. पहिले चार महिने नुसती झोपणार. मग बघू.”

त्यांचा सगळ्यात लाडका धडा पाण्याचा. दर दोन आठवड्यांनी सोमवारी सकाळी मुलांची एक तुकडी तीन ठिकाणचं पाणी आणायची. शाळेमागच्या नाल्याचं, बागेतल्या तळ्याचं आणि शाळेच्या पिण्याच्या नळाचं. दुपारच्या तासाला ते पाणी छोट्या कुप्यांमध्ये ओतायचं. प्रत्येक कुपीत चाचणीची चिमूटभर पूड असते. झाकण लावून कुप्या खोक्यात उबेला ठेवायच्या आणि बुधवारी उघडायच्या. पाण्यात मैल्यातून येणारे जंतू असतील तर कुपी काळी पडते. नसतील तर पाणी जसंच्या तसं राहतं. एवढंच. सूक्ष्मदर्शक नको, यंत्र नको, सहावीच्या मुलालाही कळतं.

बुधवारी खोकं उघडताना वर्ग श्वास रोखून असायचा. नाला काळाकुट्ट. तळं काळं. आणि शाळेचा नळ स्वच्छ, पारदर्शक. दर वेळी. मुलं टाळ्या वाजवायची. मग बाई एका जाड वहीत तारीख, ठिकाण आणि निकाल लिहायच्या. अकरा वर्षांच्या नोंदी त्या वहीत होत्या, सगळ्या त्यांच्या अक्षरात. त्यांच्या नावाने शाळेत दुसरं काहीच नव्हतं. प्रयोगशाळेच्या दारावर विज्ञान शिक्षकाची पाटी असते, सहायकाची नसते.

या वर्षी मोठ्या बाईंच्या डोक्यात आलं की त्या वहीचा मोठा तक्ता करायचा. विज्ञान प्रदर्शनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, सगळे पालक येणार होते. दारातच तक्ता लावायचा, ‘अकरा वर्षं, एकही काळी बाटली नाही’, आणि त्याच दिवशी स्टेजवर बाटलीबाईंचा सत्कार करायचा. चित्रकलेच्या सरांनी तक्ता रंगवायला घेतलाही. बाई वरवर म्हणाल्या, “माझा कसला सत्कार, बाटल्यांचा करा.” पण त्या दिवशी जिना चढताना त्या एकदाही थांबल्या नाहीत.

प्रदर्शनाला तीन आठवडे असताना आठवीतल्या एका मुलीमुळे गाडी अडली. तिला शिक्षकांच्या खोलीत सगळे ‘शंका’ म्हणतात. तास संपल्याची घंटा झाली की हिचा हात वर. त्या सोमवारी नळाच्या पाण्याची जबाबदारी तिच्या गटाकडे होती आणि त्यांनी जिन्यातच बाटली फोडली. बाईंची बोलणी नकोत म्हणून शंकाने घरून आणलेली बाटली वापरली. ती होती तिच्या तान्ह्या भावाची दुधाची बाटली. तिची आई हॉस्पिटलात आया आहे. तिने ती वीस मिनिटं उकळून, स्वच्छ फडक्यात बांधून दिली होती. ती बाटली शाळेत आणून शंकाला नेमकं काय करून बघायचं होतं, ते तिनं मला नंतर सांगितलं आणि मला ते नीट समजलं नाही.

बुधवारी खोकं उघडलं. नाला काळा, तळं काळं आणि नळही काळा.

वर्ग हसत सुटला. मागून कुणीतरी म्हणालं, “बाळाने आधीच तोंड लावलं असेल!” बाईंनी कुपी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, “दुधाच्या बाटलीत कितीही उकळा, बुडाशी राहतंच काहीतरी. आईला सांग, आधी ब्रशने घासायची, मग उकळायची. घासल्याशिवाय उकळणं म्हणजे अंघोळ न करता अत्तर लावणं.”

वर्ग आणखी हसला. मीही हसलो. शंका म्हणाली, “घासते माझी आई.” एवढंच म्हणाली आणि खाली बसली. त्या दिवशी घंटा झाली तेव्हा तिचा हात वर आला नाही.

वहीत बाईंनी लिहिलं, ‘बाटली अस्वच्छ, निकाल धरू नये.’ पण त्यांना चैन पडेना. गुरुवारी मला म्हणाल्या, “सर, पोरीला दाखवून दिलं पाहिजे. नाहीतर ती जन्मभर म्हणेल, बाटलीबाईंनी माझ्या आईला घाण म्हटलं.” शंकाची बाटली त्यांनी ठेवून घेतली होती. ती आणि आपल्या क्रेटमधली एक बाटली त्यांनी घरी नेली. दोन्ही घासल्या, दोन्ही उकळल्या.

त्यांचे यजमान शिवणकाम करतात. घरातली पुढची खोली कापडं बेतायच्या टेबलाने भरलेली आहे आणि स्वयंपाकाच्या शेगडीवर बाईंचं पातेलं. ते म्हणाले, “अगं, शाळेत बाटल्या, घरी बाटल्या. दारापुढून जाणाऱ्याला वाटेल, शिंपी प्यायला लागला.”

“वाटू दे. तुमच्याकडे त्या निमित्ताने गिऱ्हाईक तरी डोकावेल.”

हे दोघांचं रोजचंच. बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या.

सोमवारी त्यांनी शाळेच्या नळाचं पाणी चार बाटल्यांत भरलं. दोन घरून उकळून आणलेल्या आणि दोन नेहमीसारख्या आपल्या पद्धतीने धुतलेल्या. त्यांची पद्धत अशी. मोरीजवळ एक निळी बादली असते, तिच्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी. बाटल्या साबणाने धुवायच्या, मग त्या बादलीतून काढायच्या आणि तशाच उपड्या घालायच्या. पुन्हा साध्या पाण्याने विसळायच्या नाहीत. का, तर नळाचं पाणी लागलं की धुतलेली बाटली परत मळली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या डोक्याने ठरवलं होतं आणि सव्वीस वर्षं त्यात कधी चूक केली नव्हती.

बुधवारी आम्ही दोघांनीच खोकं उघडलं. उकळलेल्या बाटल्यांमधल्या पाण्याच्या दोन्ही कुप्या काळ्या होत्या. निळ्या बादलीतल्या दोन्ही स्वच्छ.

मी रसायनशास्त्रात पदवी घेतलेला माणूस. उलगडा व्हायला मला अर्धं मिनिट लागलं आणि पुढची कितीतरी मिनिटं मला वर बघवेना. बाटलीच्या बुडाशी थोडं ब्लीचिंगचं पाणी उरत होतं. सकाळी भरलेलं नळाचं पाणी दुपारपर्यंत त्याच्यासोबत राहायचं आणि त्यातले जंतू तिथेच मरून जायचे. नाल्याच्या आणि तळ्याच्या पाण्यात गाळ इतका, की तेवढं ब्लीचिंग त्या गाळातच खर्ची पडायचं. म्हणून ते काळं आणि नळ स्वच्छ, दर वेळी, न चुकता. आठ महिने मी त्या बाटल्या हाताळत होतो. वास मला येत होता. मला वाटायचं, प्रयोगशाळेला असाच वास असतो.

“तुम्हाला येत नाही का वास?” मी विचारलं.

“कसला?” बाई म्हणाल्या. त्यांनी बाटली नाकाशी धरली, पुन्हा धरली. “मला तर काहीच येत नाही हो सर. किती वर्षं झाली, कशाचाच नीट येत नाही.”

मग त्या स्टुलावर बसल्या. वही त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती उघडली नाही. म्हणाल्या, “म्हणजे मी पाणी तपासतच नव्हते. मी ते आधी शुद्ध करत होते आणि मग तपासत होते.”

मोठ्या बाईंकडे आम्ही दोघं गेलो. त्यांच्या टेबलावर प्रदर्शनाच्या निमंत्रणांचा गठ्ठा होता, तीन शिक्षकांचे रजेचे अर्ज होते आणि छताच्या गळतीखाली एक टोपली ठेवलेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून डोळे चोळले.

“बाटलीबाई, बसा.”

“नको. बसले की उठवत नाही.”

“आत्ताच सापडायचं होतं का हे तुम्हाला? पंधरा दिवसांनी सापडलं असतं तर?”

“पंधरा दिवस मुलं तेच पाणी प्यायली असती.”

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “फाटकाशी तो फळवाला बसायचा, आठवतो? चार वर्षांपूर्वी पाचवीतली पोरं पोटदुखीने आजारी पडली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, पाणी कसं आहे? मी तुमची वही दाखवली. मग संशयाला राहिला तो एकटाच. त्याला तिथून मीच उठवला.”

बाईंनी भिंतीला हात टेकला.

“असं करू,” मोठ्या बाई म्हणाल्या. “टाकी आजच धुऊन घेऊ. नळ बंद, मुलांना घरून पाणी आणायला सांगू. दुरुस्ती चालू आहे म्हणू. तक्ता लावायचा नाही. वही कपाटात राहू दे. तुमचा सत्कार सव्वीस वर्षांच्या सेवेचा होईल, पाण्याचा विषयच नको. कुणाचं नुकसान नाही यात. तुम्ही थकलाय, मीही थकलेय. हे मोठं कशाला करायचं?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. मलाही ते पटलं होतं.

परत चढताना दुसऱ्या वळणावर त्या पायरीवरच बसल्या. “हो म्हणून आले, सर,” असं म्हणून त्यांनी गुडघा चोळला. “तीन महिने राहिलेत. पाणी तर बंद झालं. पोरांच्या पोटात आता काही जात नाही. बाकी वहीचं काय, वहीच ती.”

मला वाटलं, संपलं. टाकी धुतली गेली. शिपायाने वरून खाली येऊन सांगितलं की एका बाजूचं झाकणच नव्हतं, आत कबुतरांनी संसार थाटलेला होता. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि ड्रॉपर पुसत राहिल्या. त्या आठवड्यात त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत. जिन्यात प्रत्येक वळणावर थांबायच्या.

पुढच्या सोमवारी आठवीचा तास होता. बाई टेबलावर मातीचे नमुने मांडत होत्या. तास सुरू व्हायच्या आधी शंका पुढे आली. प्रश्न विचारायला नव्हे. म्हणाली, “बाई, आईने सांगितलंय, भावाची बाटली तुमच्याकडे असेल तर टाकून द्या. ती परत नकोय आम्हाला.”

“का गं? चांगली आहे की.”

“नको म्हणते. नवी आणली तिनं. रोज तीन वेळा उकळते. पाण्याचं भांडं, चमचे, सगळंच उकळत बसते. बाबा म्हणाले, ड्युटीवरून येऊन जरा आडवी तरी हो. तर म्हणाली, शाळेत प्रयोग करून दाखवलाय, आपल्या घरात घाण आहे.”

बाईंच्या हातात मातीची ताटली होती. ती त्यांनी खाली ठेवली. मी फळ्यापाशी होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काही विचारायचं असतं तर त्यांनी पाहिलं असतं.

“सगळे इकडे लक्ष द्या,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण वर्ग गप्प झाला, कारण बाटलीबाई वर्गाला उद्देशून कधीच बोलत नसत. “हिच्या आईची बाटली स्वच्छ होती. तुम्ही त्या दिवशी हसलात, मीही हसवलं. घाण बाटलीत नव्हती. शाळेच्या नळात होती. आणि ती मला इतकी वर्षं दिसली नाही, कारण माझ्या बाटल्यांमध्ये औषध उरत होतं. आत्ता नळ बंद आहे तो दुरुस्तीसाठी नाही. या घाणीमुळेच आहे.”

मग पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, “म्हणजे मागच्या वर्षीच्या नोंदी पण चुकीच्या?”

“सगळ्या.”

“आणि आमच्या आधीच्या वर्गांच्या?”

“सगळ्या म्हटलं ना.”

शंका अजून तिथेच उभी होती. तिचा हात अर्धवट वर गेला. “बाई, पण मग नाला काळा का पडायचा?”

बाईंनी आता माझ्याकडे पाहिलं. “हे सर सांगतील. ते शिकलेले आहेत.”

मी सांगितलं. खरं सांगायचं तर आठ महिन्यांतला माझा तो सगळ्यात चांगला तास झाला आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

मोठ्या बाईंना ही बातमी मधल्या सुट्टीच्या आत पोचली. त्या वर आल्या, तीन मजले चढून. दारात उभ्या राहून दम घेत म्हणाल्या, “तुम्ही हो म्हणाला होतात.”

“म्हणाले होते,” बाई म्हणाल्या.

“आता काय करायचं ते तुम्हीच सांगा.”

“तक्त्याची जागा मला द्या. माझं टेबल मी मांडते. सत्कार नको. आणि त्या फळवाल्याकडे मी जाऊन येते.”

मोठ्या बाई स्टूल ओढून बसल्या. “फळवाल्याकडे मी येते बरोबर,” त्या म्हणाल्या. “उठवला मी होता.”

तो बसस्टँडच्या मागच्या बाजूला बसतो, उन्हात. त्या दोघी गेल्या आणि बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, फळांवरच्या माश्या हाकलल्या आणि म्हणाला, “मी फळांवर पाणी मारायचो ते तुमच्याच नळाचं. दुसरं कुठून आणणार होतो?” मग म्हणाला, “आता इथलं गिऱ्हाईक बसलंय. जा तुम्ही.” बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “रागावला असता तर बरं झालं असतं हो. काहीतरी बोलायला मिळालं असतं.”

प्रदर्शनाच्या आधीचे दिवस त्यांनी वहीवर घालवले. फाडायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रत्येक पानावर नळाच्या नोंदीवर लाल रेघ मारायची आणि बाजूला लिहायचं, ‘बाटलीत ब्लीचिंग. निकाल ग्राह्य नाही.’ मी म्हटलं, शिक्का करून घेऊ. त्या नको म्हणाल्या. हात दुखला की बोटं गरम पाण्याच्या पात्रात बुडवून बसायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या.

प्रदर्शनाच्या दिवशी दारातच त्यांचं टेबल होतं. त्यावर चार कुप्या, दोन काळ्या आणि दोन स्वच्छ, शेजारी निळी बादली, उघडी वही आणि आठवीच्या मुलांनी लिहिलेला कागद. शंका समजावून सांगायला उभी होती. पण ती ब्लीचिंगपर्यंत पोचायच्या आत पालक तिच्या डोक्यावरून बाईंकडे बघून एकच प्रश्न विचारायचे.

“म्हणजे इतकी वर्षं मुलं हे पाणी पीत होती?”

“हो,” बाई म्हणायच्या.

कुणी चिडून विचारलं, कुणी घाबरून, एका आजोबांनी नुसतं कुतूहलाने. एक बाप म्हणाला, “आणि हे तुम्ही इथे मांडून ठेवलंय? लाज नाही वाटत?” बाई म्हणाल्या, “वाटते. इकडे बघा, ही काळी कशी झाली ते मुलगी सांगेल.” शिक्षण खात्याचे साहेब आले, वाचलं, मोठ्या बाईंना बाजूला घेऊन गेले. दहा मिनिटांनी मोठ्या बाई परत आल्या आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. त्यानंतर निम्म्या लोकांना ‘हो’ त्या म्हणू लागल्या.

दुपारी शंकाची आई आली, हॉस्पिटलातल्या कपड्यांतच, ड्युटीवरून थेट. तिने वही वाचली, कुप्या पाहिल्या. बाईंनी टेबलाखालून दुधाची बाटली काढून तिच्यासमोर ठेवली. आईने ती उचलली, झाकण उघडून आत बघितलं आणि पर्समध्ये टाकली.

“वीस मिनिटं उकळली होती मी,” ती म्हणाली.

“माहितेय,” बाई म्हणाल्या.

ती गेली. बाईंनी मला स्टूल आणायला सांगितलं. मी ते आणून त्यांच्या मागे ठेवलं आणि त्या बसणारच होत्या, तेवढ्यात दारातून पालकांचा आणखी एक घोळका आत आला. बाईंनी स्टूल पायाने मागे सरकवलं आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.